पारडी बदलून

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी येताना दिसलो
की आधी मिरचीवाल्या कुजबुजतात,
मग गूळवाला खोकतो,
आणि रांगेतले सगळे तराजू एकदम सरळ होतात.
वजनमाप खात्यात एकोणतीस वर्षं.
माझ्या लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत
पितळेची वजनं आहेत, चिमट्याने उचलायची.
बोटाचा घामसुद्धा वजन करतो.

काल भाची आली, उर्वी, कॉलेजचा प्रबंध घेऊन.
देश लोकशाही आहे का?
शून्य ते दहा गुण द्या.
निवडणुका होतात? होतात.
वर्तमानपत्रं निघतात? निघतात,
पोदेराच्या भोंग्याबरोबर दारात पडतात.
न्यायालय? पर्वरीला आहे की, नवी इमारत.
"मग मामा, दहा?"

थांब, म्हटलं.
तराजू आहे, एवढ्याने माझं काम संपत नाही,
तिथून ते सुरू होतं.

आधी रिकामा बघायचा.
कुणी काही ठेवलेलं नसताना काटा मधोमध उभा राहतो का.
मतदानाच्या पहाटे आम्ही करतो तेच:
यंत्र शून्यावर आहे हे एजंटांना दाखवायचं, सह्या घ्यायच्या.
ते शून्य मी पाहिलंय, शाळेच्या खोलीत,
फळ्यावर आदल्या दिवशीचे पाढे तसेच होते.
त्या शून्याबद्दल माझी तक्रार नाही.
पण आदल्या रात्री कुणाच्या बलकांवात काय पोचलं,
कुणाच्या मुलाची नोकरी कुणाच्या खिशात अडकलीय,
ते सगळं पारड्यात आधीच बसलेलं असतं,
मांडी घालून.

मग पारड्याखाली हात घालायचा.
गिऱ्हाईक वरून बघतं, चिंच खालून चिकटवलेली असते.
रुझालिनाच्या तराजूखाली सापडली होती मला,
सुक्या सुंगटांच्या दुकानात.
"पात्राव, पावसान चिकटल्या आसतली."
दंड लावला. तिने मोजून दिला, सगळी चिल्लर.
ज्यांची चिंच घराएवढी असते
त्यांच्या गल्लीत माझी पेटी जात नाही.

"आणि आमदार?" उर्वीने विचारलं.
काय सांगू?
इसवण तोलून घेतली, घरी पिशवी उघडली तर तारले.
नखावरची शाई उतरायच्या आत
माणूस दुसऱ्या चिन्हाखाली बसलेला.
वजन बरोबर होतं, माल बदलला.
आमच्या अर्जात त्याला रकाना नाही.

शेवटी पारडी बदलायची.
डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे.
खरा तराजू हूं की चूं करत नाही.
आज जो वर बसलाय त्याला खाली ठेवून बघ,
त्याने दुसऱ्यासाठी केलेला कायदा
त्याच्याच पारड्यात टाकून बघ.
काटा कुठे थांबतो, तेवढं लिही.

"ते आकड्यात कसं लिहू, मामा?"
तिने पेन्सिलीने सहा लिहिला, खोडला,
कागदाला तिथे थोडी लव आली.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
एका वर्षी, एका मोठ्या गोदामात
पारडी बदलल्यावर काटा चाळीस ग्रॅम कलला.
फोन आला.
मी पेटी मिटली, तराजूवर शिक्का मारला.
तो अजून तोलतोय. खाली माझं वर्ष कोरलेलं आहे.

आज पुन्हा शुक्रवार.
रुझालिना म्हणाली, "पात्राव, एक विचारूं?
तुमचीं वजनां कोण तपासता?"
म्हटलं, वरच्या प्रयोगशाळेत पाठवतो, ठरल्या मुदतीला.
"आनी तांचीं?"
त्याहून वर.
"आनी तांचीं?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.
उत्तर येईना तेव्हा तिने मी न सांगताच
दोन्ही पारडी उतरवली, उलटी करून दाखवली,
बाजू बदलून पुन्हा अडकवली,
आणि आम्ही दोघं, मग मागची बाई, मग तिचा मुलगाही,
वाकून काट्याकडे बघत राहिलो.
तो अजून हलत होता.